ब्रुनोचं थायरॉइड चेक कर

प्रिय सुहास,

तुझा मेसेज वाचला. ब्रुनो दिवसभर लोळत असतो, खाणं तेवढंच पण वजन वाढतंय, आणि घरचे म्हणतायत वय झालं. अरे सातव्या वर्षी कसलं वय! थायरॉइड कमी पडण्याचा आजार (हायपोथायरॉइडिझम) कुत्र्यांना नेमका याच वयात गाठतो, त्यात तुझा गोल्डन रिट्रीव्हर म्हणजे जास्तच शक्यता. आमच्या कुत्रीचं, राणीचं असंच झालेलं, सोनोग्राफीसाठी पोटावरचे केस काढलेले ते काही केल्या उगवेनात, शेपटी उंदरासारखी बोडकी, आणि खाज मात्र नाही. केस दोन्ही बाजूंनी सारखेच विरळ होतायत का बघ. कान सारखे बिघडणं, थंडी सहन न होणं, चेहरा सुजून रडवेला दिसणं हेही असतं कधीकधी.

बहुतेक वेळा शरीराची स्वतःची इम्युनिटीच थायरॉइडची ग्रंथी खराब करते, नाहीतर ती आपोआप सुकत जाते. तुझ्या खाऊ घालण्याचा काही संबंध नाही, उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं. रक्ततपासणीत नुसता टी-फोर (थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) कमी आला म्हणून लगेच गोळी सुरू करू देऊ नकोस. दुसरा काही आजार असला किंवा स्टेरॉइड, फिटची गोळी वगैरे चालू असली तरी तो कमी येतो. सोबत फ्री टी-फोर (रक्तात मोकळा फिरणारा टी-फोर) आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हार्मोन, ग्रंथी कमी पडली की एरवी वाढतं) करून घे. टीएसएच नॉर्मल आला म्हणून आजार नाहीच असंही नाही हं, काही कुत्र्यांत तो वाढतच नाही. कोलेस्टेरॉल वाढलेलं असलं तर संशय अजून पक्का.

गोळी लेव्होथायरॉक्सिनची (म्हणजे बाहेरून दिलेला टी-फोरच), आयुष्यभर, सुरुवातीला बहुधा दिवसातून दोनदा. डोस बघून घाबरू नकोस, वजनाच्या मानाने कुत्र्याला माणसापेक्षा कितीतरी जास्त लागतो, पण म्हणून आईची थायरॉइडची गोळी अंदाजाने देऊ नकोस, डोस डॉक्टरच ठरवतील. उपाशीपोटी दिलेली जास्त लागू पडते, ते जमत नसेल तर रोज एकाच पद्धतीने दे, आज रिकाम्या पोटी उद्या जेवणात असं केलंस तर रिपोर्टचा काही अर्थच लागणार नाही. 4 ते 6 आठवड्यांनी परत रक्त, तेही गोळीनंतर 4 ते 6 तासांनी.

तरतरी एक-दोन आठवड्यांत येते, केसांना मात्र महिने लागतात, मध्ये उलट जास्त गळतात, तेव्हा गोळी बंद करू नकोस. धापा टाकायला लागला, पाणी फार प्यायला लागला, बेचैन झाला तर डोस जास्त होतोय, डॉक्टरांना फोन कर.

रिपोर्ट आला की फोटो पाठव.

तुझा,
मिलिंद