‘विक्का’चं मराठी ‘चेटूक’ करू नका

महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या हॅलोविनवरच्या लेखात ‘विक्का’ हा शब्द आला आणि लगेच कंसात त्याचा अर्थही: ‘चेटूक, काळी जादू’. विक्का हा खरं तर पाश्चात्त्य देशांतला निसर्गपूजेचा एक पंथ; एवढ्या एका कंसासाठी हे पत्र.

मुलीकडे इंग्लंडला गेले होते तेव्हा तिची शेजारीण विक्कापंथी निघाली. पेशाने नर्स. तिने कौतुकाने आपलं देवघर दाखवलं (मी देवघरच म्हणणार). एका वाटीत मीठ, दुसरीत पाणी, मेणबत्त्या, धूप आणि काळ्या मुठीची सुरी. हिला ‘अथामे’ म्हणतात. हिने लिंबूसुद्धा चिरायचं नाही, पूजेआधी फक्त हवेत रिंगण आखायचं. कापाकापीला पांढऱ्या मुठीची सुरी वेगळी. मला आमच्या आजीचं सोवळं आठवलं.

हा पंथ लोकांसमोर आणला जेराल्ड गार्डनर यांनी. मलायात कस्टम्समध्ये नोकरी करताना तिथल्या क्रिस खंजिरांचा त्यांनी अभ्यास केला होता, तेव्हा सुरीचं प्रेम जुनंच. १७३५ चा चेटूकविषयक कायदा ब्रिटनमध्ये १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांचं पुस्तक आलं. हा ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आलेला धर्म, हा त्यांचा दावा मात्र इतिहासकारांपुढे टिकला नाही. म्हणजे पंथ जेमतेम माझ्या वयाचा!

देवी आणि शिंगं असलेला देव, पौर्णिमा, ऋतूंप्रमाणे वर्षाचे आठ सण, असा सगळा निसर्गपूजेचा मामला. तोडगे करतात, पण ‘कुणाचं वाईट होणार नसेल तर हवं ते कर’ हा दंडक. सैतानाला ते मानतच नाहीत. मीही यातलं काही मानत नाही, ते सोडा.

विक्कापंथी स्वतःला ‘विच’ म्हणवतात हे खरं. ज्या नावाने पूर्वी तिथे बायका फासावर गेल्या, ते त्यांनी आपणहून घेतलं. आपल्याकडे मात्र ‘चेटकीण’ कुणी स्वतःला म्हणवत नाही, गाव ठरवतं. सातपुड्यातल्या पाड्यांवर ‘डाकीण’ ठरवून बाईला मारहाण होते, आणि तिच्यासाठी आपल्याला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला.

त्या नर्सबाईंसाठी आणि पाड्यावरच्या बाईसाठी एकच शब्द नको. ‘विक्का’ला मराठीतही ‘विक्का’च राहू द्यावं, ही विनंती.

– आपली एक वाचक, नाशिक