मुंगीच्या कंबरेला गाठी किती ते बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत अ‍ॅमेझॉनच्या जंगलावरचा पानभर लेख आवडला, पण त्यातल्या मोठ्या फोटोखाली 'लष्करी मुंगी' असं छापलंय ते चूक आहे, ती बुलेट अ‍ॅन्ट आहे. माझी भाची सातवीत आहे, तिनं तो फोटो कापून प्रोजेक्टच्या वहीत चिकटवलासुद्धा, म्हणून लगेच लिहायला बसलो.

फोटोत कंबर अगदी स्वच्छ दिसतेय. छाती आणि पोटाच्या मधे एकच जाड गाठ आहे, आपल्या काळ्या मुंगळ्याला असते तशी (भाचीला वेताळ टेकडीवर नेऊन भिंगातून मुंगळा दाखवला तेव्हा तिला पटलं). लष्करी मुंगीला, म्हणजे एसिटॉन बर्चेलीला, तिथे दोन गाठी असतात, डोळे म्हणजे नुसते ठिपके, जवळजवळ आंधळीच ती, आणि तिच्या सैनिकांचे जबडे मासे पकडायच्या गळासारखे लांब आणि वाकडे. तुमच्या फोटोतल्या मुंगीचे डोळे ठळक आहेत आणि मानेमागे दोन बोथट शिंगांसारखे उंचवटे आहेत, ही पॅरापोनेरा क्लॅव्हाटाची, म्हणजे बुलेट अ‍ॅन्टची खूण. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियसनं १७७५ सालीच तिचं वर्णन करून ठेवलंय. कामकरी मुंगीच दोन-अडीच सेंटिमीटर भरते.

दोघींची राहणी पण वेगळी. एसिटॉनला कायमचं घर नाही, लाखो मुंग्या एकमेकींचे पाय धरून राणी आणि पिल्लांभोवती स्वतःच्याच अंगाच्या भिंती उभ्या करतात आणि काही दिवसांनी मुक्काम हलवतात. बुलेट अ‍ॅन्ट झाडाच्या बुंध्याशी जमिनीत घर करते, एकटीच वर चढून मधुरसाचा थेंब जबड्यात धरून खाली आणते. डंख मात्र भयंकर, व्हेनेझुएलात तिला 'चोवीस' म्हणतात कारण वेदना दिवसभर राहू शकते. अशा प्राण्याचं नाव चुकवून कसं चालेल, पोरं पेपरात छापलेलं खरं मानतात.

तेव्हा येत्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, आणि यापुढे प्राण्याच्या फोटोखाली शास्त्रीय नाव देता आलं तर फार बरं होईल. भाचीनं जुनी ओळ खोडून नवीन नाव लिहिलंय, पण बाईंना दाखवायला तिला तुमच्या पेपरातलं कात्रण हवंय.

आपला नियमित वाचक,
कोथरूड, पुणे