पंधरा दिवसांचे 160 दिवस: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

आपण फेब्रुवारीत आमच्या संस्थेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आला होता. मी तिसऱ्या रांगेत होते. थकलेली फेलोशिप आणि अडकलेल्या खरेदीच्या फायली "पंधरा दिवसांत" मार्गी लावतो, असं आपण माइकवरून सांगितलंत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

गेल्या मंगळवारी सकाळी ॲनिमल हाउसच्या काकांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या उंदरांचं पोतं संपलं. काल साधं खाद्य घातलं. जिवाला उपाशी कसं ठेवायचं?" काकांचं काहीच चुकलं नाही. माझे तेरा आठवडे मात्र गेले.

काय गेलं ते नीट सांगते, कारण आपल्या कार्यालयाला पाठवलेली तिन्ही पत्रं कुणी उघडलेली दिसत नाहीत. मी नर उंदरांना दूध तुटल्यापासून अ जीवनसत्त्व नसलेलं खाद्य देत होते. यकृतातला साठा सहज संपत नाही, आठवडेच्या आठवडे जातात. तो संपला की वृषणातल्या नळ्यांमध्ये सर्टोली पेशी (बीजपेशींना सांभाळणाऱ्या) आणि अगदी सुरुवातीच्या बीजपेशी तेवढ्या उरतात, पुढचं काम ठप्प. मग मोजून मात्रा द्यायची. एरवी प्रत्येक नळीचा तुकडा आपापल्या वेळापत्रकानं चालतो. जीवनसत्त्व तोडून परत दिलं की सगळ्या पेशी एका ठेक्यात निघतात, टाळ पडल्यावर दिंडी निघावी तशा. कुठल्या तासाला कुठला रिसेप्टर (पेशीतलं निरोप पकडणारं प्रथिन) काय करतो, हे तेव्हाच बघता येतं. पण शून्य तास, म्हणजे जीवनसत्त्व परत मिळाल्याची वेळ, माहीत हवा. साध्या खाद्यात अ जीवनसत्त्व असतंच; काही पिंजऱ्यांना ते रात्री पडलं, काहींना पहाटे. दिंडी निघाली, कधी निघाली ते कुणालाच ठाऊक नाही.

खाद्याचा इंडेंट (खरेदीची मागणी) मी जानेवारीतच दिला होता. सरकारी पोर्टलवर शोधलं तर कोंबडीखाद्य निघालं. मग परचेस सेक्शनची लेखी शंका आली: यात एक घटक कमी असूनही हे नेहमीच्या खाद्यापेक्षा महाग कसं? साहेब, या वाक्याची मी प्रिंट काढून टेबलासमोर लावली आहे.

आपण (आता 'तुम्ही' म्हणते, आपलेपणा मंगळवारी संपला) त्या दिवशी माझ्या पोस्टरपाशी थांबून विचारलंत, "उंदरांचं कुटुंबनियोजन करता का?" सगळे हसले. मीही हसले, आठ-आठ महिने पैसे थकतात त्या माणसाला मंत्र्याच्या विनोदावर हसावं लागतं. उत्तर मात्र राहून गेलं, ते आता घ्या.

अ जीवनसत्त्व तुटलं की नराचं वृषण सुकतं, हे वोल्बाक आणि होव यांनी 1925 साली दाखवलं. त्याला शंभर वर्षं झाली. ते पेशीत नेमकं कुठे पकडलं जातं, हे 1987 मध्ये स्ट्रासबर्गच्या शाम्बाँ आणि कॅलिफोर्नियाच्या इव्हान्स यांनी वेगवेगळं शोधलं: अ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या रेटिनोइक आम्लाचा रिसेप्टर. 1993 मध्ये शाम्बाँच्या प्रयोगशाळेनं त्याच्या प्रकारांपैकी अल्फा काढून टाकलेले उंदीर केले. जगलेले नर वांझ निघाले. हा अल्फा मुख्यतः सर्टोली पेशींत काम करतो. या पेशी म्हणजे शुक्राणूंच्या दाया. खुद्द बीजपेशींत गॅमा हा दुसरा प्रकार असतो. बाळ एकीकडे आणि निरोप दाईच्या कानात, असा हा कारभार. माझा पाच वर्षांचा प्रश्न त्या निरोपाचाच आहे.

आणि हो, कुटुंबनियोजन. फक्त अल्फाला अडवणारं वायसीटी-529 नावाचं औषध मिनेसोटा विद्यापीठात घडलं. हार्मोन नाही. चार आठवडे दिलेल्या नर उंदरांपासून 99 टक्के गर्भधारणा टळली, औषध थांबवल्यावर चार ते सहा आठवड्यांत प्रजननक्षमता परत आली. ब्रिटनमध्ये 16 पुरुषांवर पहिली सुरक्षा चाचणी झाली, 2025 मध्ये ती छापूनही आली. तुमचा विनोद तिकडे माणसांच्या चाचणीपर्यंत पोचला.

माझ्या आईचं ऑपरेशन ती चोवीस वर्षांची असताना कॅम्पमध्ये झालं. शाळेच्या वर्गात, बाकं जोडून. दुपारी बैलगाडीनं घरी, तिसऱ्या दिवशी खुरपायला. पाठीचं दुखणं अजून आहे. वडिलांना कुणी विचारलंसुद्धा नाही, आणि ते वाईट माणूस नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी उघडून बघा: स्त्री-नसबंदी 37.9 टक्के, पुरुष-नसबंदी 0.3. एकामागे सव्वाशे. आणीबाणीत वर्षभरात साठ लाखांवर पुरुषांना टेबलावर झोपवलंत (तुम्ही नव्हता, सरकार म्हणजे सरकार), त्याचे चटके बसले आणि तेव्हापासून सुरी बायकांकडे वळली. 2014 मध्ये छत्तीसगडला एका शिबिरात काही तासांत 83 बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या, डझनभराहून जास्त मेल्या. र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्या मुंबईपासून इथवर आपण हे अंतर कापलं.

खरगपूरच्या सुजॉय गुहांनी पुरुषांसाठीचं गर्भनिरोधक इंजेक्शन सत्तरच्या दशकात हाती घेतलं. 303 पुरुषांवरच्या तिसऱ्या टप्प्याचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. तरुणपणी सुरू केलेलं काम ऐंशी ओलांडल्यावर इथवर पोचतं. संशोधनावर देश जीडीपीच्या 0.64 टक्के खर्च करतो, दक्षिण कोरिया चार टक्क्यांच्या वर. हे आकडे भाषणात घ्यायला तुम्हाला आवडतात, फक्त दुसरा अर्धा वगळून.

माझा हिशेब साधा आहे. महिना 42,000, आठ महिने, 3,36,000. घरभाडं वेगळं. आमच्या मजल्यावर असे अकरा जण. मी धाकट्या भावाकडून पैसे घेते. तो कंपनीत पॅकिंगला आहे आणि मी घरातली 'शास्त्रज्ञ'. आई फोनवर विचारते, "सरकारी आहे ना गं?" सरकारी आहे म्हणूनच, आई.

उंदरात शुक्राणू घडायला 35 दिवस लागतात, माणसात साधारण 74. तुमच्या पंधरा दिवसांना आज 160 झाले. तेवढ्यात उंदरांचे चार हंगाम होऊन गेले. गाजरं आम्हाला भरपूर दाखवून झाली आहेत. त्यातून अ जीवनसत्त्व किती मिळतं हे मोजायला किट नाही, कारण किटची फाइलही तिथेच आहे.

नवी पिल्लं सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दूध सोडतील. त्याआधी खाद्याची चार पोती हवीत. फेलोशिपचं मग बघू. इंडेंट क्रमांक तिसऱ्या पत्रात पहिल्याच ओळीत आहे, ठळक अक्षरात.

आपली,
एक सीनियर रिसर्च फेलो (कागदावर)

ता. क. काकांना मेमो मिळाला आहे. कारण: परवानगीशिवाय खाद्य बदलले. तो मागे घ्यावा.