तात्या, तो ‘मित्र’ आला होता

तीर्थस्वरूप तात्या,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र असं चारचौघांसमोर लिहितोय म्हणून रागावू नका. पोस्टानं पाठवलं असतं, तर तुम्ही त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांखाली तांबड्या शाईनं रेघा मारून ते परत धाडलं असतं. समोर बसून आभार मानायला गेलो, तर ‘चहा घेणार का?’ म्हणून विषय बदलता. तेव्हा आता नातवाकडून वाचून घ्या. मध्येच उठून जायचं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही पोरं तुमच्या घरी टीव्ही बघायला जमलो होतो. संगमनेरला आपल्या गल्लीत तेव्हा टीव्ही तुमच्याकडेच. ‘ऐतिहासिक पिक्चर आहे’ एवढंच कळलं होतं. ऐतिहासिक म्हणजे तलवारी, घोडे, हर हर महादेव! लागला व्ही. शांतारामांचा ‘अमर भूपाळी’, पेशवाईतल्या शाहीर होनाजीवरचा. काळापांढरा, आणि गाणी संपता संपेनात. अर्ध्या तासात निम्मी पोरं उठून गेली. मी थांबलो तो इतिहासाच्या ओढीनं नव्हे. काकू शेंगदाणे भाजत होत्या म्हणून. हे आज कबूल करतो.

आणि मग ‘घनश्याम सुंदरा’ सुरू झालं. गाणं मला पाठ होतं. आजी रोज सकाळी म्हणायची. मला ते देवानंच कधीतरी करून ठेवलेलं, आरतीसारखं वाटायचं. ते एका माणसानं लिहिलंय, तो पुण्यात राहायचा, त्याला पोटापाण्याची चिंता होती, हे डोक्यातही आलं नव्हतं. ‘उदयाचळी मित्र आला’ ही ओळ आली तेव्हा मी तुम्हाला विचारलं, ‘तात्या, हा मित्र कोण? पेंद्या का?’

तुम्ही इतके हसलात की काकू स्वयंपाकघरातून झारा घेऊन बाहेर आल्या. ‘अरे, मित्र म्हणजे सूर्य. उगवतीच्या डोंगरावर आला.’ मग मीही हट्टाला पेटलो. ‘द्विजगण अवघे वृक्षी’, म्हणजे ब्राह्मण झाडावर कशाला चढलेत? पुन्हा हशा. द्विज म्हणजे दोनदा जन्मलेला. पक्षी एकदा अंडं म्हणून जन्मतो, एकदा पिलू म्हणून. आजी ज्या ओळी वर्षानुवर्षं म्हणत होती त्यांच्या आत एवढं काही दडलेलं होतं, आणि मी आपला पेंद्याला दारात उभा करून बसलो होतो.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. तुम्ही म्हणालात, ‘काढी धार क्षीरपात्र घेउनी, धेनू हंबरती. हे कुणी लिहिलं असेल, सांग.’ मी म्हणालो, ‘होनाजी बाळानं.’ ‘नाव नको. कसला माणूस असेल?’ मला सुचेना. ‘ज्याच्या घरी पहाटे गोठ्यात जावं लागतं असा. होनाजी गवळी होता.’ लिहिलेल्या ओळीला उलटा प्रश्न विचारता येतो, तू कुठून आलीस, तुझ्या अंगाला कसला वास आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पुढे मोठमोठ्या पुस्तकांत साधनचिकित्सा वगैरे शब्द वाचले. माझ्यासाठी ती भाजलेल्या शेंगदाण्यांच्या वासासकट तिथेच सुरू झाली होती.

आणखी एक फजिती. होनाजी बाळा ही दोन माणसं आहेत हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, होनाजीला लाडानं बाळा म्हणत असतील. होनाजी शिलारखाने कवनं करणारा आणि बाळा करंजकर ती गाणारा, हे तुम्ही सांगितलंत. तमाशात ढोलकीच्या जागी तबला आणून बैठकीची लावणी होनाजीनं रुजवली असं सांगतात, हेही तेव्हाच ऐकलं.

त्या रात्री तुम्ही कॅलेंडरचं जुनं पान फाडून पाठीमागे तारखा लिहून दिल्यात. 1802, हडपसरला होळकरांकडून पराभव, दुसरा बाजीराव पेशवा पळाला, वर्षअखेर इंग्रजांशी वसईचा तह. 5 नोव्हेंबर 1817, खडकीला इंग्रजांशी लढाई. 17 नोव्हेंबर, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण. 3 जून 1818, बाजीराव शरण. सालीना आठ लाखांची नेमणूक आणि मुक्काम ब्रह्मावर्त, म्हणजे कानपूरजवळचं बिठूर. आमच्या पुस्तकात हे सगळं ‘1818 साली पेशवाईचा अस्त झाला’ या एका ओळीत उरकलं होतं. तुम्ही खाली लिहिलंत: ‘या प्रत्येक दिवशी होनाजीच्या गल्लीत काय चाललं असेल?’

उत्तर दिलं नाहीत. आजही तुमच्यावर माझा राग आहे तो एवढाच. किती दिवस मी त्या प्रश्नापायी झोपलो नाही. शनिवारवाड्यावर निशाण बदललं तरी 18 तारखेच्या सकाळी म्हशी हंबरल्या असणारच की. दूध कुणाकडे घातलं असेल? वाड्यातलं गिऱ्हाईक तर गेलं.

सिनेमातली ती नाचणारी गुणवती खरी होती का, असंही मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, ‘ते शांतारामबापूंना विचार.’ पुढे कळत गेलं की 1951 सालच्या त्या चित्रपटात होनाजीचं आयुष्य गोष्टीच्या सोयीनं बसवून घेतलंय. संध्याचं ते पदार्पण. गुणवती नसती तर तिनं करायचं काय? अभ्यासक मंडळी अशा सिनेमांवर नाक मुरडतात. त्यांचंही चूक नाही. पण वसंत देसाईंची चाल आणि पंडितराव नगरकर-लताबाईंचा आवाज कानावर पडला नसता, तर होनाजी खरा कसा होता हे शोधायला मी गेलो असतो का? नसतो गेलो. तो चित्रपट पुढच्या वर्षी कान महोत्सवातही गेला होता. तिथल्या मंडळींना तो ‘मित्र’ कुणी समजावून सांगितला असेल कोण जाणे.

पुढच्या रविवारी तुम्ही मला प्रवरेकाठी नेलंत आणि विचारलंत, ‘बिकट वाट वहिवाट नसावी, येतो का?’ तो फटका तर शाळेत घोकलेला. ‘हा अनंत फंदी आपल्या गावचा. खर्ड्याच्या लढाईवर पोवाडा केलेला माणूस. इथल्याच वाटेनं नदीवर यायचा.’ ज्या वाटेनं मी रोज सायकल हाणायचो ती वाट एकदम जुनी झाली.

तहसिलीत रेकॉर्ड सांभाळता सांभाळता तुम्ही मोडी लिपी टिकवून ठेवली होती. बोरू, आधी ओढलेली लांब रेघ, न उचलता पळणारं अक्षर, ऱ्हस्व-दीर्घाला काडीची किंमत नाही. (माझ्या शुद्धलेखनाची वाट तिथेच लागली असावी.) जुन्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत असायचा. ‘इसन्ने अशर मयातैन व अलफ’ म्हणजे 1212, त्यात 599 मिळवले की इसवी सन 1811, आणि जानेवारी ते मे असेल तर 600, हे तुम्ही बोटांवर मोजून दाखवायचात. मी दहावीचं निमित्त करून सोडून दिलं. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. त्याचं मला जास्त लागलं.

तीस वर्षांनी, पुण्यात, दिवसभर ताळेबंद जुळवून झाल्यावर मी संध्याकाळी मोडीच्या वर्गाला जाऊ लागलो. वर्गात सगळ्यांत म्हातारा मीच. मागच्या महिन्यात आमच्या वाड्याच्या माळ्यावरचा एक गहाणखताचा कागद पहिल्यांदा एकट्यानं, कुणाला न विचारता वाचला. तीन रात्री लागल्या. सावकाराचं नाव लागलं, व्याज लागलं, साक्षीदारांची नावं लागली. गहाण ठेवलेल्या मालात दोन दुभत्या म्हशीही आहेत.

एक शब्द मात्र अडलाय. साक्षीदारांच्या खाली, अगदी कोपऱ्यात, निम्मा कसरीनं खाल्लेला. वर्गातल्या सरांना दाखवला नाही, मुद्दाम. दिवाळीत घेऊन येतो. भिंग आणि चष्मा दोन्ही काढून ठेवा, आणि काकूंना सांगा, शेंगदाणे मी आणतोय.

तुमचा,
शेंगदाण्यांसाठी थांबलेला