रिपोर्ट चांगला आलाय

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
१८ ऑगस्ट २०१९

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी फोनवर मी तुला सांगितलं की डॉक्टरांनी तपासलं, सगळं स्वच्छ आहे, आता तीन महिन्यांनी बोलावलंय. तू म्हणालास, ‘वा, आई!’ मग जरा थांबलास आणि विचारलंस, ‘हे एनसीएएला कळवावं लागेल का?’ कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या त्या लोकांना. त्यापुढे तुझं तुलाच बोलवेना. प्रॅक्टिसला उशीर होतोय म्हणून फोन ठेवलास. रात्री अकरा वाजता तुझा मेसेज आला. ‘सॉरी.’ एवढाच.

त्या सॉरीला फोनवर उत्तर देता येईना, म्हणून लिहायला बसले. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, ठाऊक आहे. लागू दे. रविवारच्या मराठी शाळेत जोडाक्षरांवर रडायचास, पण शिकलास. गेल्या सहा महिन्यांत माझ्या आजाराबद्दल जे काही कागदावर आलं ते सगळं इंग्रजीत आलं. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, विम्याची पत्रं, आणि तुझ्या वेव्हरसाठी, म्हणजे कॉलेज बदलल्यावरही लगेच खेळायची सूट मिळावी म्हणून, डॉक्टरांनी दिलेलं ते दीड पानी पत्र. एक तरी कागद आपल्या भाषेत असावा असं मला वाटलं.

डॉक्टरांचं पत्र तुझ्या कॉलेजात खेळाचे नियम सांभाळणाऱ्या कम्प्लायन्स ऑफिसला पाठवायच्या आधी मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं होतं. गाठीचा आकार, किती लिम्फ नोड काढले, केमोच्या किती फेऱ्या, आणि शेवटी ‘पेशंटला घरच्या माणसांच्या आधाराची गरज आहे’. मंडळातल्या बायकांना मी ‘जरा अशक्तपणा आहे’ म्हणून सांगत होते. सांगलीला आजीला तर काहीच सांगितलं नव्हतं. जन्मदात्या आईपासून लपवलं आणि इंडियानापोलिसमधल्या एनसीएएच्या कधी न पाहिलेल्या माणसांना सगळं कळवलं. तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तुझ्यामुळे नाही वाटलं. ते पत्र मी माझ्या हाताने स्कॅन केलं आणि पुन्हा करायला सांगितलंस तर पुन्हा करीन.

हे सगळं सुरू कुठून झालं, आठवतं? ४ फेब्रुवारीला माझं ऑपरेशन झालं आणि ८ तारखेला जस्टिन फील्ड्सची बातमी आली. जॉर्जिया कॉलेजातून ओहायो स्टेटला गेलेल्या त्या फुटबॉलवाल्या पोराला वर्षभर न थांबता खेळायची परवानगी मिळाली होती. मी सोफ्यावर ड्रेनची नळी सांभाळत बसले होते. तू अकरा तास गाडी चालवून आला होतास आणि फोनवर वाचून दाखवत होतास. वाचता वाचता म्हणालास, ‘आई, मी पण इकडे जवळ येऊ शकतो.’ तुझे डोळे किती लकाकले होते! बाबा आणि मी त्या रात्री झोपलोच नाही.

मला तर तोवर नियमही नीट ठाऊक नव्हता. बाबांनी समजावला. एका मोठ्या फुटबॉल कॉलेजातून दुसऱ्या तसल्याच कॉलेजात गेलं की एक वर्ष बसायचं. सराव करायचा, वर्गात जायचं, जिममध्ये घाम गाळायचा, पण शनिवारी मैदानात उतरायचं नाही. फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि मुलांची आइस हॉकी, एवढ्यांनाच हा नियम. शेजारच्या काकूंची मुलगी टेनिस खेळते, ती कॉलेज बदलून त्याच वर्षी खेळली. पदवी हातात असेल तर फुटबॉलवाल्यालाही लगेच खेळता येतं. आणि कोच मात्र डिसेंबरात एक संघ सोडून जानेवारीत दुसरीकडे रुजू होतात, त्यांना कुणी बसवत नाही. पोरांनी नव्या कॉलेजात आधी अभ्यासात रुळावं हा हेतू असेल, आणि तो वाईट नाही. पण मग तो टेनिसच्या पोरीला का नको?

या वर्षातून सूट हवी तर वेव्हर. अर्ज तुझ्या नावाचा, पण पाठवायचा नव्या कॉलेजने, आणि जुन्या कॉलेजचं म्हणणंही त्यात विचारतात. गेल्या वर्षीच्या एप्रिलपासून एनसीएएने निकष थोडे सैल केले. जी परिस्थिती मुलाच्या हातात नाही, जिचा त्याच्या तब्येतीवर, सुरक्षिततेवर, एकूण बरं असण्यावर थेट परिणाम होतो, आणि जिची कागदपत्रं आहेत, ती धरली जाते. ऑक्टोबरात ते ट्रान्स्फर पोर्टल आलं, कॉलेज बदलू पाहणाऱ्या पोरांच्या नावांची यादी, जुन्या कोचच्या मर्जीवर काही राहिलं नाही. मग फील्ड्स सुटला, मार्चमध्ये टेट मार्टेल मायामीला सुटला, त्याच्या आदल्या वर्षी शे पॅटरसन मिशिगनला. आपल्याला वाटलं, दार उघडलंय.

पण त्याच वसंतात ल्यूक फोर्डला नकार आला. तोही जॉर्जिया कॉलेजातलाच, आजोबा आजारी म्हणून आपल्या राज्यात इलिनॉयला परतलेला. आणि मग ब्रॉक हॉफमन. त्याची बातमी मी तुझ्याआधी वाचली होती आणि दोन दिवस तुला बोलले नव्हते. तो स्टेट्सव्हिलचा, म्हणजे आपल्याच आय-फोर्टी हायवेवरचा. आईच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, म्हणून साउथ कॅरोलायनातलं कॉलेज सोडून व्हर्जिनिया टेकला आला. नकाराची दोन कारणं त्याने स्वतःच जाहीर लिहिली. एक, नवं कॉलेज घरापासून शंभर मैलांच्या हद्दीबाहेर पाच मैल आहे. दुसरं, आईची तब्येत आता सुधारली आहे.

त्या शंभर मैलांपायी बाबांनी काय केलं ते तुला आम्ही सांगितलंच नाही. गॅरेजमधून तुझी जुनी कंपासपेटी काढली. गाडीतला कागदी नकाशा डायनिंग टेबलवर पसरला, खालच्या पट्टीवरून शंभर मैल मोजून कर्कटक उघडलं, टोक आपल्या घरावर रोवलं आणि वर्तुळ काढलं. पेन्सिल बोथट होती म्हणून टोक काढून पुन्हा काढलं. तुझं कॉलेज रेघेच्या आत दीड बोट आलं. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि काही न बोलता देवापुढे दिवा लावायला गेले. मॉरिसव्हिलच्या जागी नकाशाला आता भोक पडलंय. तो नकाशा मी टाकू दिला नाही.

मैलांचा प्रश्न असा सुटला. दुसरा प्रश्न मात्र आपल्या तिघांच्या मनात बसून राहिला आणि गुरुवारी तुझ्या तोंडून बाहेर पडला. मी बरी होते आहे, हे तुझ्या फाइलच्या विरुद्ध जाईल का?

सोन्या, या प्रश्नाची तुला शरम वाटली, मला नाही वाटली. मला राग आला, आणि तो तुझ्यावर नव्हता. आईचा रिपोर्ट चांगला आल्यावर वीस वर्षांच्या पोराला आनंदाने ओरडायच्या आधी नियम आठवावा लागतो, इथे नियमाचं काहीतरी चुकतंय. आजारपण असं मैलांत आणि महिन्यांत मोजता येत नाही. त्यांची बाजू मला कळत नाही असं नाही. उद्या जो तो उठून आईच्या पाठदुखीचं सर्टिफिकेट आणेल, आणि खरं-खोटं कुणीतरी पाहायलाच हवं. पण प्रत्येक निकालाची कारणं लोकांपुढे येत नाहीत, मुलांची खासगी माहिती म्हणून. त्यामुळे एक का सुटला आणि दुसरा का अडकला हे आपल्यासारख्यांना कळायला मार्ग नाही. मग घरोघरी आमच्यासारखे आईबाप बातम्यांमधून अंदाज बांधत बसतात.

तू माझ्या आजाराचा उपयोग करून घेतलास असं तुझ्या मनात आहे. तुझी ताई म्हणाली मला, तिच्यावर चिडू नकोस. आता माझं ऐक.

मे महिन्यात तू आलास तेव्हा माझी केमोची चौथी फेरी झाली होती. तोंडाला चव नव्हती, जे खाईन त्याला लोखंडाचा वास यायचा. तू पहिल्या दिवशी पेज केलीस, ती इतकी घट्ट झाली की चमचा त्यात उभा राहिला. दुसऱ्या दिवशी आजीला फोन करून, माझ्याबद्दल काही न सांगता, पेज कशी करतात ते विचारलंस. मी दोन घास घेऊन वाटी सारली. तू चमच्याकडे पाहिलंस, गाडी काढून गेलास आणि लाकडाचे दोन चमचे घेऊन आलास. ‘स्टीलमुळे होत असेल,’ म्हणालास. कुठे वाचलं होतंस कुणास ठाऊक. त्या चमच्याने मी सबंध वाटी संपवली. पुढचे पाच आठवडे तेच चमचे. आता सांग, हे कुठल्या फॉर्मच्या कुठल्या रकान्यात लिहिलंय? वेव्हरचा अर्ज तेव्हा गेलाही नव्हता. तू खेळायला म्हणून घरी आला नव्हतास. आधी आलास, खेळायचं काय ते मागून पाहिलं.

अर्ज उशिरा गेला हा आमचा दोष आहे, तो तू डोक्यावर घेऊ नकोस. हॉस्पिटलचं एक पत्र राहून गेलं होतं आणि मी रेडिएशनच्या गडबडीत विचारायची विसरले. तीन आठवडे त्यात गेले. नाहीतर कदाचित आज निकाल हातात असता.

आजीबद्दल तुला सांगायचं राहिलं. या महिन्यात सांगलीत कृष्णेचं पाणी चढलं, आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर गेलं, हे तू बातम्यांत पाहिलंस. त्या दिवसांत आजी फोनवर म्हणत होती, ‘पाणी लांब आहे गं, तू आपली काळजी घे.’ नंतर मामाकडून कळलं, खालच्या मजल्यावर कमरेइतकं पाणी होतं आणि ती वर शेजाऱ्यांकडे चार रात्री बसून होती. मला काळजी नको म्हणून बोलली नाही. मी तिच्यापासून लपवते, ती माझ्यापासून लपवते, आणि आता तूही आपला आनंद लपवायला लागलास. शुक्रवारी सकाळी मी तिला फोन करून पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती रडली, मला ओरडली. मग विचारलं, ‘म्हणून पोरानं पेज विचारली होती होय?’ आणि मग म्हणाली, ‘आता पुढचा रिपोर्ट मला आधी सांगायचा.’

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हो, कळवायचं. उद्याच. नव्या रिपोर्टची प्रत सोबत पाठवतेय, ती घेऊन तू स्वतः कम्प्लायन्स ऑफिसात जा. पाच वर्षं गोळ्या घ्यायच्या आहेत, दर तीन महिन्यांनी तपासणी आहे, हेही त्यात आहे. त्यातलं जे त्यांना धरायचं ते धरोत. आपण अर्धा कागद दाखवून मिळवलेली परवानगी तुला शनिवारी बॉलला किक मारताना आठवली असती. तुझा पाय मला माहीत आहे, मन जड असलं की बॉल डावीकडे जातो.

नाही म्हणाले तर काय, ते बाबांनी मांडून ठेवलंय. पाच वर्षांत चार हंगाम खेळता येतात, तुझा एकच झालाय. यंदा बसलास तरी २०२०, २१ आणि २२ उरतात. हंगाम बुडत नाही. पण तुझ्या पुढचा किकर यंदाच गेला, जागा यंदाच मोकळी आहे, हेही मला कळतं. पुढच्या वर्षी कोण नवा येईल सांगता येत नाही. ‘एक वर्षाने काय होतंय’ असं मी म्हणणार नाही. मला हवंय की तू खेळावंस. रोज संध्याकाळी देवापुढे मी तेच मागते, आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

३१ तारखेच्या सामन्याची तिकिटं काढलेली आहेत, आम्ही येतोय. यंदा गणपती लेबर डेलाच आलेत, तेव्हा रविवारी आमच्याच गाडीतून घरी चल. मोदक ताई करणार आहे, मला अजून उजवा हात फार उचलवत नाही. नारळ तू खवायचास.

हे वाचून झालं की फोन कर. गुरुवारचा फोन पहिल्यापासून करू. मी म्हणेन, सोन्या, रिपोर्ट चांगला आलाय. आणि यावेळी तू ओरड, शेजारच्या खोलीतली पोरं उठली तरी चालेल.

तुझी,
आई

ता. क. रिपोर्टच्या पहिल्या पानावर माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलंय. देतानाच सांगून टाक, नाहीतर पुन्हा एक आठवडा त्यात जाईल.