मासे मेले तर आधी वेळ पाहा

संपादक महोदय,

वळवाचे दोन-चार पाऊस झाले की जिल्ह्यात कुठल्या ना कुठल्या शेततळ्यातले मासे एका रात्रीत मरतात आणि दुसऱ्या दिवशी ‘विषप्रयोगाचा संशय’ अशी चर्चा सुरू होते. भावकीतल्या जुन्या वादाला निमित्त मिळते, बांधाशेजारच्यावर बोट दाखवले जाते. विष टाकण्याचे प्रकार घडत नाहीत असे आमचे म्हणणे नाही. पण पहाटे पाण्यातला प्राणवायू संपून झालेली मासेमरीही विषाच्या नावावर खपते. दोन्हींतला फरक ओळखता येतो.

प्राणवायू संपला की मासे पहाटे तीन ते सकाळी सातच्या दरम्यान जातात. आधी मोठा मासा जातो, त्यातही कटला जातीचा. बोटुकली, म्हणजे बोटाएवढे लहान मासे, पुष्कळदा वाचते. मेलेल्या माशांची तोंडे उघडी आणि कल्ले फाकलेले असतात. जिवंत मासे पृष्ठभागावर येऊन तोंड मारत असतात. विषाने मासे दिवसाच्या कोणत्याही वेळी मरतात, लहान मासे आधी, आणि सोबत पाणकिडे व बेडकांची पिल्लेही. रोगाची मरतूक रेंगाळते: रोज दोन, चार, पाच, आणि अंगावर जखमा किंवा उवा दिसतात. तळ्यावर पोचल्यावर पहिला प्रश्न ‘कोणावर संशय आहे?’ हा नको, ‘किती वाजता दिसले आणि आधी कोणते मेले?’ हा हवा.

प्राणवायू संपतो कसा, तर शेवाळाने. तळ्याच्या पाण्याचा हिरवा रंग हा सूक्ष्म शेवाळाचा. दिवसा उन्हात ते प्राणवायू तयार करते, रात्री मात्र तेही श्वास घेते. शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ असे तिघे रात्रभर एकाच साठ्यावर जगतात. गर्द हिरव्या तळ्यात दुपारी तीनला लिटरमागे 12 मिलिग्रॅम प्राणवायू सापडतो आणि त्याच तळ्यात सूर्य उगवण्याआधी तो 1 मिलिग्रॅमवर आलेला असतो. कटला-रोहूला 5 मिलिग्रॅम लागतात; 3 च्या खाली ते खाणे सोडतात. त्यात 30 अंशांच्या पाण्यात हवेतून साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच प्राणवायू मावतो, आणि आपल्याकडचा मे महिना सर्वांना माहीत आहे.

वळीव घात करतो तो असा. कडक उन्हाने वरचे पाणी गरम आणि हलके होते, खालचे थंड राहते, दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी कुजणाऱ्या गाळाने तिथला प्राणवायू आधीच संपवलेला असतो. संध्याकाळी वादळ आणि गार पाऊस आला की पाणी ढवळते, तळचे सडके पाणी वर येते. आभाळामुळे शेवाळाने त्या दिवशी प्राणवायू कमीच तयार केलेला असतो. सकाळी तळे मेलेल्या माशांनी पांढरे दिसते.

सोलापूर भागातल्या शेततळ्याची अडचण आणखी वेगळी. 30 मीटर लांब, 30 मीटर रुंद, 3 मीटर खोल आणि एकास एक उताराच्या तळ्यात भरल्यावर सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात ते डाळिंबाला आणि खरड छाटणीनंतर द्राक्षाला उपसले जाते. मीटरभर पाणी उरले म्हणजे सव्वासहा लाख लिटर, तिसरा हिस्साही नाही. मासे मात्र तेवढेच, आणि बोटुकलीचे आता अर्धा-पाऊण किलोचे झालेले. हवा देण्याची सोय नसेल तर अशा तळ्यात 500 च्या वर बोटुकली सोडू नये आणि पाणी उतरू लागण्याआधी, मार्चमध्येच, मोठा माल काढून विकावा. आणखी दोन महिने ठेवले तर वजन वाढेल या आशेपायी सगळेच जाते.

ज्यांचे तळे उजनी धरणाच्या कालव्यावर भरते त्यांनी शेणखत आणि सुपर फॉस्फेट पुस्तकातल्या मात्रेने टाकूच नये. पुणे-पिंपरीकडच्या सांडपाण्यातले नत्र-स्फुरद, म्हणजे शेवाळाचे खतच, त्या पाण्यात आधीच आलेले असते.

हिरवेपणा मोजायला यंत्र लागत नाही. 20 सेंटिमीटर व्यासाची पत्र्याची थाळी घ्या, चार भाग आखून आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा, मधोमध भोक पाडून खुणा केलेली दोरी ओवा आणि खाली वजन बांधा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, ऊन पाठीवर घेऊन, थाळी पाण्यात सोडा. ती 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर पाणी उत्तम. 20 च्या आत दिसेनाशी झाली तर त्याच दिवसापासून खाद्य निम्मे करा, खत बंद ठेवा आणि शक्य तर चौथा हिस्सा पाणी काढून बागेला देऊन नवे भरा. पाणी गढूळ असेल तर मोजमाप फसते. काचेच्या ग्लासात घेऊन तासभर ठेवा, माती खाली बसते, शेवाळाचा हिरवा रंग तसाच राहतो.

मोरचुदाबद्दल (कॉपर सल्फेट) थोडे सविस्तर लिहायला हवे. द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये बोर्डो मिश्रणासाठी, म्हणजे बुरशीवरच्या फवारणीसाठी, मोरचुदाचे पोते असतेच, आणि पाणी फार हिरवे दिसले की अंदाजाने दोन-चार किलो तळ्यात पडते. शेवाळ एका दिवसात मरते, पाणी तपकिरी होते, ते पाहून समाधान वाटते. मग मेलेले शेवाळ कुजायला लागते, कुजताना उरलासुरला प्राणवायू खाते, आणि दोन-तीन दिवसांत मासे जातात. मोरचुदाचा विषारीपणाही पाण्याच्या क्षारतेवर (अल्कलिनिटी) ठरतो. ती मोजल्याशिवाय मात्रा काढताच येत नाही. गर्द हिरव्या तळ्यात, उन्हाळ्यात, मोरचूद टाकूच नका.

कळीच्या चुन्याचेही तसेच. हिरव्या पाण्याचा सामू (पीएच) दुपारी आपोआप 9 पर्यंत चढतो. 30 अंशांना सामू 7 असताना पाण्यात माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचा एक टक्काही विषारी रूपात नसतो. सामू 9 झाला की जवळपास 45 टक्के त्या रूपात जातो. अशा वेळी सामू आणखी चढवणारा चुना म्हणजे आगीत तेल.

मासे वर तोंड मारताना दिसले तर पंप लावा, पण फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपचे टोक, तळाला नको, पृष्ठभागाच्या फूटभर खाली बांधा. पाइपचे तोंड दाबून पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे परत तळ्यातच पाडा. बोअरचे पाणी सोडायचे असेल तर पत्र्यावरून किंवा दगडांवरून पाडत सोडा. बोअरच्या पाण्यात स्वतःचा प्राणवायू फार थोडा असतो. जाळे ओढू नका, तळ ढवळू नका. ऊन चांगले वर येईपर्यंत पंप बंद करू नका आणि त्या दिवशी खाद्य पूर्ण बंद ठेवा.

हे सगळे पहाटे तीनला करायचे, आणि शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीने येते. दिवसपाळी असलेल्या आठवड्यात पंप नेमका त्याच वेळी मुका असतो. सौरपंपही रात्री चालत नाही. म्हणून वळवाच्या दिवसांत तळ्यावर डिझेल इंजिन तयार ठेवावे.

शेवटची मागणी पंचनाम्याविषयी. सकाळी अकरा-बाराला घेतलेल्या नमुन्यात प्राणवायू चांगलाच येतो, कारण तोवर चार-पाच तास ऊन पडलेले असते. मग ‘पाणी योग्य, सबब विष’ असा निष्कर्ष निघतो. प्राणवायूची चाचणी दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी, तळ्याच्या काठावरच व्हावी. त्यासाठी लागणारा साधा संच प्रत्येक तालुक्याला मत्स्यव्यवसाय विभागाने ठेवावा. विषाचाच संशय असेल तर नुकता मेलेला, न कुजलेला मासा बर्फात आणि पाणी स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून लगेच प्रयोगशाळेकडे पाठवावे, आणि आठवडाभरात त्याच तळ्यात फवारणीची टाकी कोणी धुतली का, हे घरच्यांनाही विचारावे.

– शेततळ्यातील मत्स्यपालनाशी संबंधित वाचक, सोलापूर