जुन्या फोनवर संकेतस्थळ कोरे का दिसते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव जवळ आला की इंदूरच्या मराठी मंडळांची, वाचनालयांची संकेतस्थळे कात टाकतात. स्क्रोल करावे तसतसा मजकूर खालून सरकत येतो, फोटो उमलतात. छानच दिसते ते. पण रामबाग-लोकमान्यनगरातल्या ज्या आजोबांकडे नातवाने वापरून दिलेला आयफोन ६ आहे, त्यांना वर लोगो आणि खाली पांढरे पान एवढेच दिसण्याची शक्यता असते. आरतीची वेळ, स्पर्धेचे नियम, सगळे गायब.

याचे कारण मजकूर लपवण्याच्या पद्धतीत आहे. डिझायनर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांत, प्रत्येक भागाची ओपॅसिटी (अपारदर्शकता) शून्य ठेवतात, म्हणजे तो अदृश्य करतात, आणि तो भाग पडद्यावर आला की जावास्क्रिप्टने, म्हणजे पानासोबत येणाऱ्या छोट्या प्रोग्रामने (स्क्रिप्टने), ती एक करतात. आयफोन ६ ची आयओएस ही प्रणाली १२ व्या आवृत्तीच्या पुढे जात नाही. ऑप्शनल चेनिंग ही जावास्क्रिप्टमधली नवी खूण, म्हणजे प्रश्नचिन्ह आणि टिंबाची जोडी, स्क्रिप्टमध्ये एका जागी जरी आली, तरी आयओएस १३.४ च्या आधीचा सफारी हा आयफोनचा ब्राउझर अख्खी फाइलच नाकारतो. मग लपवलेले उघडणार कोण? त्या फोनवर क्रोम टाकूनही उपयोग नाही. तेही आतून सफारीच्याच इंजिनावर चालते.

म्हणून मूळ सीएसएसमध्ये काहीही लपवू नये. स्क्रिप्टने इंटरसेक्शन ऑब्झर्व्हर, म्हणजे एखादा भाग पडद्यावर आला की कळवणारी ब्राउझरमधली सोय, उपलब्ध आहे का ते पाहावे, तो लावून झाल्यावरच पानाच्या सर्वांत बाहेरच्या एचटीएमएल टॅगला एक क्लास (नावाची खूण) द्यावा आणि ओपॅसिटी शून्यचा नियम त्या क्लासखालीच लिहावा. यात आधी दिसलेला मजकूर क्षणभर लुकलुकतो, तेव्हा पहिल्या पडद्यावरचे भाग यातून वगळावेत. ब्राउझरचे नाव ओळखून वेगवेगळे कोड देण्याच्या नादी लागू नये. ब्राउझर स्वतःचे नाव सर्रास खोटे सांगतात.

हेच काम स्क्रिप्टशिवाय करणारी अ‍ॅनिमेशन-टाइमलाइन क्रोममध्ये ११५ पासून आली, आणि विंडोज ७ वर क्रोम १०९ लाच थांबले. त्यामुळे तो सगळा भाग सीएसएसच्या सपोर्ट्स नियमाच्या, म्हणजे ‘ब्राउझरला हे जमत असेल तरच’ या अटीच्या आत हवा. टाइमलाइनची ओळ अ‍ॅनिमेशनच्या संक्षिप्त ओळीनंतरच (सगळी सेटिंग्ज एकत्र देणाऱ्या ओळीनंतरच) लिहावी, नाहीतर ती संक्षिप्त ओळ टाइमलाइन पुसून टाकते आणि नव्या ब्राउझरवरही स्क्रोलशी काही जुळत नाही.

हलवायचे ते ट्रान्सफॉर्म (मांडणी न बदलता सरकवणे) आणि ओपॅसिटीनेच. टॉप (वरपासूनचे अंतर) किंवा हाइट (उंची) बदलत राहिले की दर फ्रेमला पानाची मांडणी नव्याने मोजावी लागते आणि जुना फोन अडखळतो. हलत्या पानाने ज्यांना गरगरते, त्यांनी फोनमध्ये हालचाल कमी करण्याचे सेटिंग चालू केलेले असते. अ‍ॅनिमेशन ‘अशी कोणतीही पसंती नाही’ या मीडिया क्वेरीच्या, म्हणजे वाचकाचे सेटिंग तपासणाऱ्या सीएसएसच्या अटीच्या आत ठेवावे. जुन्या ब्राउझरला ती क्वेरी कळतच नाही, तो स्थिर पान दाखवतो. तेच तर हवे आहे.

पदाधिकाऱ्यांनी बिल चुकते करण्याआधी डिझायनरला समोर बसवून स्क्रिप्ट फाइलच्या पहिल्याच ओळीत एक उघडा कंस मुद्दाम टाकायला सांगावा आणि पान पुन्हा लोड करावे. मजकूर वाचता आला नाही, तर काम परत पाठवावे.

आपले,
संकेतस्थळांचे काम करणारे दोन वाचक, इंदूर